गप्पा मारायला वेळ असणं हीसुद्धा श्रीमंतीच ना?

जुळे_सोलापूरकर
सोलापूर विद्यापीठाच्या केगावच्या आवारात एम.एस्सी. करतोय, दुसरं वर्ष. घर जुळे सोलापुरात, आईवडील दोघं नोकरीला, बुडाखाली गाडी. कुणाला आयतं काय मिळतं हा विषय निघाला की आमच्यात लगेच जात आणि पैसा यांवरून जुंपते. मला मात्र तिसरीच गोष्ट दिसते: संध्याकाळ. पाचला प्रॅक्टिकल सुटलं की आम्ही चारपाच जण कॅन्टीनला ठाण मांडतो. प्रोजेक्ट कुठल्या सरांकडे घ्यायचं, प्राध्यापकीच्या सेट-नेट परीक्षेला काय वाचायचं, कुठला सीनियर पुण्यात कुठं चिकटलाय, हे वर्गात कुणी सांगत नाही, तिथं कळतं. त्याच वेळी मोहोळ-अक्कलकोटची पोरं सॅक सावरत एसटीसाठी पळत असतात. वर त्यांनाच ऐकवायचं, ‘तू मिसळत नाहीस.’ मिसळणार कधी? प्रॅक्टिकलं दुपारी दोनच्या आत संपवा, असं माझं म्हणणं आहे.

जुना_मागवाला
काय बे, कॅन्टीनला बसून कुणाचं भलं झालंय? निम्मी पोरं तिथं मोबाईल चोळत असतात. मी रात्रपाळीला माग चालवून बी.कॉम. झालो. खडखडाटात शेजारच्याचा आवाज येत नव्हता, दोस्त कुठले आलेत! आणि 2004 च्या आधी आपली कॉलेजं कोल्हापूरच्या विद्यापीठाला जोडलेली. काम निघालं की कोल्हापूर गाठायचं. आता फक्त आपल्या जिल्ह्यासाठी विद्यापीठ आहे, तेही दारात, तरी रड आहेच.

मोहोळ_स्टँड
काका, तुमचा माग घराजवळ होता. पासात दोन तृतीयांश सवलत मिळते, कबूल, पण पास असला म्हणून गाडी थांबत नाही. जुळेवाल्या भावाचं बरोबर आहे. आमच्या वर्गाचा ग्रुप रात्री दहाला जागा होतो, तेव्हा मी गोठ्यात असतो.

पूर्वभाग_पोरगी
मला दोनची कल्पना अजिबात नको.
घरी तेलुगू, शाळा मराठी, आता बी.एस्सी.ची पुस्तकं इंग्रजी; ते एक असो. आई विड्या वळते. मजुरी हजार विड्यांवर. पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीनं एका मापात कापायची, मग तंबाखू भरून वळायचं आणि दोरा बांधायचा. कापायचं काम माझ्याकडे. सकाळी कारखान्यात माल देताना विड्या सैल निघाल्या तर बाजूला काढतात, त्यांचे पैसे नाहीत. दोनला सुटले तर मी कॅन्टीनला जाईन असं वाटतं का तुम्हाला? दोनपासून विड्यांचं सूप मांडीवर येईल. लॅब आहे म्हणून पाचपर्यंत मला कुणी हाक मारत नाही. तेवढाच वेळ माझा.

जुना_मागवाला
पोरी, 2024 पासून सरकारनं मुलींची फी माफ केली, एसटीत तर 2023 पासूनच बायकांना अर्धं तिकीट. आमच्या वेळी यातलं काय होतं?

पूर्वभाग_पोरगी
काका, ती फीमाफी इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांची, तीही घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. मी साध्या बी.एस्सी.ला. शिवाय मी फीबद्दल बोललेच नाही.

जुळे_सोलापूरकर
ठीक, दोनचं राहू द्या. पण कॅन्टीनमधली माहिती मोजक्याच पोरांपर्यंत जाते, हे तर खरं ना? मग सीनियरांना आठवड्यातून एकदा वर्गातच बोलवा. शनिवारी बारा वाजता, टाइमटेबलमध्ये छापून.

निवृत्त_मास्तर
छापायला हरकत नाही. पण टाइमटेबलात आलं की हजेरी आली, तिचे पंचाहत्तर टक्के आले, आणि पाठोपाठ भाषण ठोकायला कुणीतरी पाहुणाही येतो. कोण कुठं चिकटलंय हे पोरं पाहुण्यासमोर बोलत नाहीत. इतकी वर्षं शिकवलं त्यावरून सांगतो, जे कामाचं असतं ते जिन्यातच बोललं जातं. तुम्ही ते वर्गात आणाल, पोरं नवा जिना शोधतील.

पूर्वभाग_पोरगी
सर, पाहुणा नको, पण हजेरी घ्याच. हजेरी आहे म्हटलं की घरी सांगता येतं, जावंच लागतं म्हणून.

जुना_मागवाला
म्हणजे आता गप्पांनाही हजेरी! धन्य आहे.