बॉक्सर विजेंदर सिंग प्रो, म्हणजे व्यावसायिक, झाला त्यात चुकलं काय?

मिऱ्याकर: काल इथे एका आंबेवाल्या काकांनी लिहिलं, "ऑलिंपिकचं पदक गळ्यात असताना पैशासाठी प्रो व्हायचं म्हणजे नाचक्की. विजेंदरचे ते सलग १२ विजय? समोर उभी केलेली बुजगावणी." वाचून डोकं फिरलं. मी नऊ वर्षं हौशी बॉक्सिंग खेळलोय, ६० किलो वजनगटात. हौशीत तीन मिनिटांचे तीन राऊंड. पहिला गेला की सावरेपर्यंत घंटा. २००८ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये गुण देणारे पंच बटणं दाबून ठोसे मोजत होते. नुसता लागला की गुण, जोर कोण विचारतो? त्या सवयी घेऊन हा माणूस २०१५मध्ये, तिशीच्या तोंडावर, मँचेस्टरला गेला आणि पाय रोवून बरगड्यांवर मारायला नव्याने शिकला. केरी होप युरोपचा माजी विजेता. २०१६ला दिल्लीत त्याला १० राऊंड खेळून गुणांवर हरवलं. बुजगावणं १० राऊंड उभं राहतं का?

आंबेवाला: बुजगावणं बारा महिने उभं असतं रे बाबा, कधी शेतात ये. वाक्य माझंच आहे आणि मागे घेत नाही. तो दुसरा बॉक्सर विकास कृष्ण प्रो झाला, परत हौशीत फिरला, टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत बाहेर. काय हाती लागलं? माझा भाचा राज्य पदकवाला. खेळाडूंसाठीच्या ५ टक्के राखीव जागांतून सरकारी नोकरी लागली असती. कुणी प्रमोटर, म्हणजे लढती भरवणारा, भेटला, म्हणाला चार राऊंडची फाइट देतो. भुवई फुटली, आठ टाके. मानधन अजून "येतंय". डॉक्टरचे पैसे मी आंब्याच्या कलमांवर घेतलेल्या उचलीतून भरले. तू ठोसे शिकव मला.

बांदेकर: विजेंदर हरलो तो आमच्या शेजारीच. मार्च २०२१, मांडवीत कॅसिनोच्या बोटीच्या छपरार. मी तेवा पणजेक कामाक होतंय. काठार उभो रवान दिवे बघलंय, ठोसो एकय दिसाक नाय. समोर रशियाचो लोप्सान, ताडासारखो उंच. पाचव्या राऊंडाक खेळ खलास. पण कसलो प्रो आनि कसलो हौशी! आमच्या गावात अंडरआर्म क्रिकेटाक लाखाचा बक्षीस, आनि बॉक्सिंगच्या पोरांक बॅग टांगूक खांब नाय.

गुहागरी: क्रिकेटला मध्ये ओढायचं काम नाही. आमच्या मंडळाने स्पर्धेच्या पैशातून शाळेचं छप्पर घातलं. बॉक्सिंगवाल्यांनी एक कौल तरी बसवलं का?

मिऱ्याकर: कौल? आम्ही समाजमंदिरात सराव केला. लग्नसराई आली की बाहेर, पावसाळ्यात बॅगेवर हिरवी बुरशी, आणि ग्लोव्हजचा वास असा की आई पडवीतसुद्धा ठेवू द्यायची नाही. तुमचे लाख कुठून येतात तेही माहीत आहे. निवडणूक आली की चषक मोठा होतो.

गुहागरी: मग तुम्हीही पुढाऱ्याला रिंगमध्ये बोलवा, दोन ठोसे खायला. आम्ही पावती फाडू.

बांदेकर: ह्या बरा. मी पयलो.

दापोलीची: क्रिकेट झालं असेल तर मुलींचं बोलू का? मेरी कोमचं २०१२च्या ऑलिंपिकमधलं कांस्य, लव्हलिनाचं टोकियोतलं कांस्य. सरिता देवी प्रोसुद्धा झाली. तरी विषय निघाला की विजेंदर, विजेंदर. माझ्या लेकीच्या वजनाची जोडीदार चिपळूणपर्यंत सापडत नाही. मुलग्यांशी सराव करते, आणि तिचा ठोसा लागला की मुलगे घरी सांगतात सायकलवरून पडलो.

आंबेवाला: ताई, लेकीला नोकरीपर्यंत पोचू दे, मग पुढचं.

दापोलीची: काका, नोकरीच्या जाहिरातीची वाट बघता बघता तिचं वय निघून जाईल. मग तुम्हीच म्हणणार, तिशीला कशाला प्रो झाली.

मिऱ्याकर: घ्या. बॉक्सर निशांत देव बघा. पॅरिस ऑलिंपिकला उपांत्यपूर्व फेरीत हरला, आणि जानेवारी २०२५मध्ये २४व्या वर्षी लास वेगासला प्रो म्हणून उतरला. पहिल्याच राऊंडमध्ये समोरचा खल्लास. वेळेवर गेला.

आंबेवाला: एका राऊंडमध्ये पडला? म्हणजे तेही बुजगावणंच. बरं, तो होप खरा गडी होता, एवढं घे. वेळेवर जावं हेही घे. पण भाच्याचे टाके मी बघितलेत, तू नाही. तुझा पोरगा प्रो होतो म्हणाला तर सोडशील?

मिऱ्याकर: पोरगा अंडरआर्म खेळतो.

गुहागरी: कुठल्या मंडळाकडून?