मदत हवी आहे : रोमचे जुने देव इतक्या लवकर कसे मागे पडले?

मंडळी, एका प्रश्नात अडकलोय, जाणकारांनी जरा वाट दाखवा. रोमन साम्राज्यात इ.स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने तो अधिकृत केला आणि ३९१-९२ मध्ये जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आली. ‘तलवारीच्या जोरावर’ हे ठरलेलं उत्तर मला अर्धवट वाटतं. ही मोकळीक देणाऱ्या सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आधी अधूनमधून छळ व्हायचा तो ख्रिस्त्यांचाच, तरी ते वाढतच होते.

सम्राट ज्यूलियनचं (३६१-६३) बघा. जुने देव परत आणायचा चंग बांधला आणि पुजाऱ्याला लिहिलं काय, तर हे ख्रिस्ती लोक आपल्याही गरिबांना पोसतात, तुम्हीही गावोगावी धर्मशाळा काढा! म्हणजे नक्कल करायची ती प्रतिस्पर्ध्याचीच. देवळांचा खर्च सरकार आणि धनिक उचलायचे; ३८२ मध्ये सम्राट ग्रेशियनने चुलीची देवी व्हेस्टा हिच्या पुजारणींचा पैसाच तोडला. चर्चकडे मात्र बिशप, वर्गणी, विधवांची यादी, सगळी घडी बसलेली.

शिवाय अनेक देव मानणाऱ्याला आणखी एक चालतो, एकच मानणाऱ्याला दुसरा चालत नाही. गळती एकाच दिशेने होणार. हे पटतं, पण मग इजिप्तच्या दक्षिण सीमेवर, नाईल नदीतल्या फिली बेटावरचं इसिस देवीचं देऊळ सहाव्या शतकापर्यंत कसं टिकलं? सीमेवरच्या राजकारणामुळे, की आणखी काही?

खेड्यापाड्यांत जुनं किती काळ चालू राहिलं, यावर वाचण्यासारखं काही सुचवाल का? मराठीत असेल तर उत्तमच, इंग्रजीही चालेल. फक्त कोणाचा धर्म भारी, या वादात नका शिरू, प्लीज.