यू-पिन ओढू नका
परदेशी वार्ताहराचे जुने कागद कसे जपावेत, या प्रश्नावर एकाने सुचवलंय की कात्रणं लॅमिनेट करून तारखेनुसार लावा. लॅमिनेशन नकोच; ते परत निघत नाही आणि वर्तमानपत्राच्या कागदातलं आम्ल आतच कोंडतं. तारखेचीही घाई नको. अशा कागदांत तारेने पाठवलेल्या बातमीची कार्बन प्रत आणि छापून आलेलं कात्रण बरेचदा एकाच यू-पिनेत (कागद जोडायच्या तारेच्या क्लिपमध्ये) असतं. संपादकीय डेस्कने बातमीतलं काय कापलं ते त्या जोडीवरूनच कळतं. सोडवण्याआधी दोन्हींवर मऊ पेन्सिलीने एकच क्रमांक घाला.

गोव्याच्या पावसाळ्यात ती पिन गंजून कागदाला चिकटते, ओढली की तुकडा घेऊनच येते. पिन आणि कागद यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी पॉलिएस्टर फिल्मची पातळ पट्टी सरकवून मगच काढा, तेही कोरड्या दिवसांत, आषाढात नव्हे. थर्मल फॅक्स (उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या कागदावरचे) असतील तर सगळ्यात आधी त्यांचं स्कॅनिंग. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात त्यांची अक्षरं भराभर उडतात.