एसएसडी विंडोजवर गोगलगाय, लिनक्सवर मधेच गायब. मदत हवी आहे

घाईत_आहे: एनव्हीएमई एसएसडी (छोटी, वेगवान चिपवाली डिस्क) बाहेरच्या केसमध्ये घालून यूएसबीला लावलीय. विंडोजवर कॉपी सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नाही. लिनक्सवर मोठी फाईल टाकली की अर्ध्यात ड्राइव्हच गायब! रीस्टार्ट करून झालं. लवकर सांगा, बॅकअप अडकलाय.

नुसताच_वाचक: केबल कोणती? पोर्ट कोणता? फॉरमॅट? काहीच लिहायचं नाही आणि वर घाई.

रानवारा: विंडोज उडवा, सुखी व्हा. मी उडवलं.

घाईत_आहे: @रानवारा, लिनक्सवरच गायब होतेय हो! केबल टाइप-सी, नवी कोरी. त्यात काय बघायचं?

खटपट्या: त्यातच बघायचं. सी हा फक्त पिनेचा आकार. चार्जिंगच्या बऱ्याच सी केबलींना यूएसबी २.० चाच वेग असतो, म्हणजे ४८० मेगाबिट. हातात पडतात जेमतेम ४० एमबी. लिनक्सवर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी -टी' (lsusb -t) द्या, जोडणीचा वेग दिसेल. ४८०एम दिसलं तर केबल नाहीतर पोर्ट. ५०००एम किंवा जास्त हवं.

जुनी_खोड: केबल नाही हो, कॅशे! एसएलसी कॅशे (ड्राइव्हमधली छोटी, वेगवान जागा) भरला की स्वस्त ड्राइव्ह असेच बसतात. शिवाय विंडोज १० च्या १८०९ पासून 'क्विक रिमूव्हल' (केव्हाही उपटता यावं म्हणून लिहिताना विंडोजचा कॅशे बंद) डीफॉल्ट आहे. 'बेटर परफॉर्मन्स' करा.

खटपट्या: कॅशे भरला तर आधी पळून मग बसेल. इथे पहिल्या सेकंदापासून रडतंय. आणि बेटर परफॉर्मन्स केलंत तर इजेक्ट न करता उपटू नका, डेटा जाईल.

मधुमालती: मॅकवर एनटीएफएसवर लिहिता येत नाही, एक्सफॅट करून घ्या.

नुसताच_वाचक: मॅक कुठून आला इथे?

घाईत_आहे: ४८०एमच होतं. केसबरोबरची आखूड केबल लावली, १००००एम. विंडोज पळतंय. लिनक्सवर अजून गायब. डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलचा लॉग) 'यूएएस' लिहिलेल्या एररची रांग, मग रीसेट.

खटपट्या: केसमधल्या ब्रिज चिपचं (यूएसबी आणि एसएसडीमधला दुभाषी) यूएएस ड्रायव्हरशी (यूएसबी ड्राइव्हसाठीचा नवा, वेगवान) पटत नसावं. एलएसयूएसबीत दिसणारा आयडी घ्या, कर्नल पॅरामीटरमध्ये (बूट होताना कर्नलला द्यायची सूचना) 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=आयडी:यू' (usb-storage.quirks=आयडी:u) टाका. जुना ड्रायव्हर लागेल. वेग उतरेल, पण टिकेल. केसचं फर्मवेअर अपडेट मिळतंय का तेही बघा.

जुनी_खोड: एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा केस बदला.

घाईत_आहे: क्वर्क टाकून बघते. हबसाठी वेगळं काही करायचं का?

नुसताच_वाचक: हब?? वेगळा अडॅप्टर असलेला, की लॅपटॉपचीच वीज खाणारा? एनव्हीएमई लिहिताना बरीच वीज ओढते. आधी थेट पोर्टला लावा, क्वर्क मग.