मदत हवी आहे: फॅटी लिव्हर ग्रेड २, डब्यात काय देऊ?

अबोली७: नवऱ्याच्या कंपनीच्या तपासणीत सोनोग्राफीवर फॅटी लिव्हर ग्रेड २ आलंय. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, चाला," आणि पुढचा नंबर पुकारला. मी तेल-तूप बंद केलं. तीन आठवड्यांत जेमतेम ४०० ग्रॅम उतरलंय. कुणाकडे चार्ट असेल तर आजच टाका. सोमवारपासून त्याची नाइट शिफ्ट आहे.

सांगलीकर: वय, उंची, वजन? रक्ततपासणीत लिव्हरचा एसजीपीटी किती? शुगर? दारू?

अबोली७: दारू अजिबात नाही!! माळकरी घर आहे. वय ४१, एसजीपीटी ७८. चार्ट सांगा ना.

गवतीचहा: गुळवेलीचा काढा अनशापोटी. माझ्या सासऱ्यांचं लिव्हर दोन महिन्यांत नॉर्मल झालं.

रानवाट: असं सुचवू नका. गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच छापल्यात.

गवतीचहा: आयुष मंत्रालयाने ते खोडून काढलं होतं, तेही लिहा.

रानवाट: काढलं होतं. तरी एसजीपीटी वाढलेला असताना प्रयोग नकोच.

एकभुक्त: दिवसातून दोनदाच जेवा, मधे काही नाही. माझे ११ किलो उतरले.

अबोली७: वजन ७९, उंची १६८. शुगरची गोळी दोन वर्षं चालू आहे, पण तो वेगळा विषय.

सांगलीकर: ताई, वेगळा नाही, मूळच ते आहे! इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणून चरबी लिव्हरमध्ये साठते. ४ किलो उतरले तरी ती घटते, सूज उतरायला साडेपाच ते आठ लागतात. आठवड्याला अर्धा किलो पुरे. आणि ग्रेड म्हणजे फक्त चरबी. लिव्हर किती कडक झालंय ते त्यातून कळत नाही. माझा ग्रेड १ होता, पण कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन ११ किलोपास्कल निघाला, म्हणजे जास्तच. रक्तातले एसजीओटी आणि प्लेटलेट घेऊन फिब-४ काढायला सांगा, त्या आकड्यावरून कडकपणाचा अंदाज येतो.

मंजिरी_क: नवीन मेडिक्लेम घेताना हे लपवू नका, क्लेम अडकतो.

रानवाट: तुपाच्या मागे लागलात, साखरेचं काय? चहा किती कप?

अबोली७: शिफ्टला पाच, सोबत बिस्किटं. घरी मोसंबीचा रस देते, लिव्हरला चांगला म्हणून.

रानवाट: रस आधी बंद करा. फळातली साखर लिव्हरमध्येच जाते आणि जास्त झाली की तिची चरबी होते. मोसंबी सोलून खाऊ दे. चहाऐवजी बिनसाखरेची कॉफी. डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, उसळ, काकडी. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं, दोन दिवस बैठका. वजनकाटा हलला नाही तरी व्यायामाने लिव्हरची चरबी उतरते.

गवतीचहा: ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडीच घ्या, भाकरी मऊ राहते.

एकभुक्त: भाकरीपेक्षा दोनदा जेवणं महत्त्वाचं!

अबोली७: गोळीच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड लिहिलंय. दोनदाच जेवला तर चालेल?

सांगलीकर: डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही! या गोळीवर जेवण चुकलं तर साखर धाडकन उतरते, त्यात रात्रपाळी.

अबोली७: बरं झालं विचारलं. सकाळी फोन करते. मटकी भिजत घातलीय.