डायल्यूटेड ईपीएसमधून अँटी-डायल्यूटिव्ह ऑप्शन वगळणं योग्य आहे का?

ताळेबंदप्रेमी:
एका खाजगी बँकेचा वार्षिक अहवाल वाचत होतो. बेसिक ईपीएस (शेअरमागचा नफा) आणि डायल्यूटेड ईपीएस (ऑप्शनमधून येऊ शकणारे शेअरही धरून काढलेला) यांत फरक जेमतेम काही पैशांचा. ईसॉपच्या (कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन, देणारी योजना) तक्त्यात मात्र ढीगभर ऑप्शन शिल्लक. बऱ्याच ऑप्शनची एक्सरसाइज प्राइस (तो ठरलेला भाव) बाजारभावापेक्षा जास्त, म्हणून ते अँटी-डायल्यूटिव्ह (मोजले तर ईपीएस घटण्याऐवजी वाढवणारे) ठरवून सोडून दिलेले. उद्या भाव चढला की हेच शेअर आमच्या नफ्यात वाटेकरी होणार. मग आज का मोजत नाहीत? मला ही भागधारकांची दिशाभूल वाटते.

जुना बँकर:
दिशाभूल ते मोजल्यावर होईल. नफा १००० कोटी, शेअर १०० कोटी, ईपीएस १० रुपये. ऑप्शन ४ कोटी, २०० रुपयांचे. वर्षाचा सरासरी भाव २५०. सगळे वटवले तर बँकेला ८०० कोटी मिळतात, म्हणजे बाजारभावाने ३.२ कोटी शेअरचे पैसे. उरलेले ८० लाख शेअर फुकट गेले असं धरायचं. ईपीएस ९.९२.

आता तेच ऑप्शन ३०० चे धरा. येणार १२०० कोटी, म्हणजे ४.८ कोटी शेअरचे पैसे. हिशेबातले शेअर उलट ८० लाखांनी घटतात आणि ईपीएस होतो १०.०८! हा आकडा भागधारकाला कसला इशारा देणार? माझ्या कपाटात ३४० रुपयांच्या ऑप्शनचं पत्र पडून आहे. बाजारात शेअर २१० ला मिळत असताना मी ३४० कशाला भरू?

ताळेबंदप्रेमी:
गणित पटलं. पण येस बँक आठवा. २०१९-२० चा तोटा १६,४१८ कोटी. तोट्याच्या वर्षी सगळेच ऑप्शन अँटी-डायल्यूटिव्ह, म्हणून दोन्ही ईपीएस सारखेच. इकडे मार्च २०२० मध्ये १० रुपयांनी आणि जुलैत १२ रुपयांनी नवे शेअर निघाले. साधारण २५५ कोटी शेअरचे २५०० कोटींवर गेले. भागधारकाचा वाटा दहापट आटला, या आकड्यात त्याची चाहूलही नव्हती.

सीए ताई:
ती बँक वाचवायला आणलेली भांडवलाची भर होती. त्यात ईसॉपचा काय संबंध? तोट्याच्या वर्षी शेअर वाढवून भागले असते तर शेअरमागचा तोटा कमी दिसला असता. ते तुम्हाला चाललं असतं का?

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने. इंड एएस ३३ (ईपीएसचं नवं लेखामानक) प्रमाणे वगळलेल्या ऑप्शनचा उल्लेख करावाच लागतो. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये बँकांसाठी इंड एएस पुढे ढकललं, त्यामुळे बँका अजून एएस २० या जुन्या मानकावर आहेत. त्यात ही सक्ती नाही.

ताळेबंदप्रेमी:
मग माझं मागणं तेवढंच. ईपीएसच्या टिपेखाली एक ओळ: इतके ऑप्शन वगळले.

जुना बँकर:
ईसॉपच्या तक्त्यात संख्या, किमती, उरलेली मुदत सगळं छापलेलं असतं. तीच माहिती दोनदा का द्यायची?

ताळेबंदप्रेमी:
कारण तो तक्ता ईपीएसपासून कितीतरी पानं लांब असतो. माझे वडील निकालाच्या दिवशी फक्त ईपीएस बघतात, आणि शेअर त्यांच्याच नावावर आहेत.