झोपेत पोटऱ्या आवळल्या जातात – मदत हवी आहे

झोपेत माझ्या पायाची बोटं आत वळतात आणि पोटऱ्या दगडासारख्या घट्ट होतात. हा नेहमीचा गोळा नव्हे. कळ येऊन जाग येत नाही, बायकोने हात लावून पाहिलं म्हणून कळलं. सकाळी मात्र पहिली पावलं टाकताना टाचेपासून ओढ बसते.

वय ४६, बैठं काम, मधुमेह नाही, कुठलंही औषध चालू नाही. बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम नॉर्मल; फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलेलं नाही. भिंतीला टेकून पोटऱ्या ताणणं, शेक, तिळाच्या तेलाचं मालिश सगळं झालं. झोप लागेपर्यंत बरं वाटतं, एवढंच. पायावरचं जड पांघरूण काढल्यावर बोटांना थोडा फरक पडला. मॅग्नेशियम कृपया सुचवू नका, पोट बिघडतं.

घोटा काटकोनात धरणारा नाइट स्प्लिंट कुणी वापरलाय का? तो घालून झोप लागते का? आणि आधी फिजिओथेरपिस्ट गाठावा की न्यूरॉलॉजिस्ट?